कस्तुराची मान

परंडा
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १८६६

तीर्थरूप आत्याबाईस्नी सून तारामतीचा पाया पडून नमस्कार.

आमी घरची समदी धड हाव. येडाईच्या किरपेनं तुमीबी ईटला धड असाल. सिताबाईस्नी आता कसं हाय? सुईण गाडीत बसू नगं मनली म्हणून त्या बाळंतपणाला माहेरी आल्या न्हाईत आन तुमालाच लेकीकडं जावं लागलं. त्यास्नी सांगा, पडून पडून कंटाळा आला तरी उठू नका. मल्लिनाथदाजीस्नी नमस्कार. दाजी, आत्याबाईस्नी कागद तुमीच वाचून दाखवणार, तवा आदीच सांगती, माजी बारशीला दुसरीपतूरच शाळा झाली. अक्षर बघून हसा, पण मोठ्यानं हसू नका.

इथलं म्हणाल तर काळी शेळी व्याली. ह्यांची जकातीच्या नाक्यावरची पाळी बदलली, आता सकाळी जात्यात आन दिवेलागणीला येत्यात. लढाईपायी साखर न्हाय, घासलेट न्हाय. इंग्रजाच्या हद्दीतनं कुणी कापड लपवून आणलं तर ह्यास्नी गाडीतला कडबा उपसावा लागतोय. परवा एकानं पोटाला लुगडी गुंडाळली व्हती आन मनला, जलोदर झालाय. हे मनले, बस इथंच नाक्यापशी, उतरंल. घरी येऊन सांगताना हेच एवढे हसले की जेवण राहिलं.

शेजारची सकिनाबी बकरीदीच्या शेवया करायली. तुमी न्हाईत म्हणून तिला जोडीला कुणी न्हाय. तुमची आठवण काढती, मनती तुमच्या हातची शेवई केसावानी व्हती, माझी दोरीवानी व्हती.

कस्तुराचं म्हणाल तर तुमी सांगून गेलात तसंच समदं चाललंय. सकाळी करडीचं तेल कोमट करून लावती, पायावर घेऊन न्हाऊ घालती, आन अंग ऊन हाय तवरच कललेल्या मानंचं करती. डाव्या कानाखालची ती शीर, जिच्यात चिंचोक्यावानी गाठ हाय, तिच्यावर आदी बोटं फिरवती. मग एक हात डाव्या खांद्यावर ठेवून खांदा धरती, दुसऱ्या हातानं डोकं उजवीकडं कलवती आन हनुवटी डावीकडं वळवती. वढत न्हाय. शीर जिथं आडवी येती तिथं थांबती, आन ती आपुनहून सैल हूस्तवर हात हालवत न्हाय. तुमी शिकवताना मनला व्हता, कणिक मुरू दिली तर शेवई लांबती, घाई केली की तुटती. ते ध्यानात हाय. झोळीतबी डोकं दुसऱ्या अंगाला केलंय, म्हंजी दाराचा उजेड डावीकडनं येतोय आन तिला तिकडंच बघावं लागतंय. माझ्या उजव्या अंगावर घेतलं की तिला मान डावीकडं फिरवावीच लागती, म्हणून तसंच पाजती.

तवा काळजी करू नका. दवाखान्यातला डाक्टर मनला व्हता, रोज हळूहळू ताणत राहा, वरसाच्या आत मान सुटली न्हाय तर सोलापूरला न्हेऊन शीर कापावी लागंल. ते आपल्यावर येणार न्हाय असं वाटतंय.

एक इचारायचं व्हतं. दाजी, हे वाचताना जरा खाली बघा. आत्याबाई, उजव्या अंगाला दूध साकळून गाठ झालीया. दगडावानी लागती, रातच्याला ठणकती. सकिनाबी मनली शेक दे. तुमाला आनखी काय ठावं असंल तर सांगून धाडा.

तुमी कवा येणार? घाई न्हाय. सिताबाईचं नीट होऊ द्या.

तुमची आज्ञाधारक सून,
तारामती


परंडा
पौष शुद्ध पंचमी

तीर्थरूप आत्याबाईस्नी तारामतीचा नमस्कार. गाडीवाला धोंडीबा ईटच्या बाजारला गेला व्हता, त्यानं तुमचा कागद आणून दिला. गाडीतनं उतरायच्या आदी त्याला पाणी इचारायचं सोडून म्या कागदच मागितला, तर मनला, सासूच्या कागदासाठी एवढी पळणारी सून म्या पयल्यांदा बघितली.

सिताबाईस्नी पोटात दुखायचं थांबलं, हे वाचून बरं वाटलं.

तुमी दाजीस्नी लिवायला लावलंत की पोर दोन्हीकडं पीत असंल तर गाठ उजव्यालाच कशी झाली. त्याचं असं हाय आत्याबाई, ती झोपाळू हाय. पिता पिता झोपती. उजव्याला घेतलं की जरा पिती आन डोळे मिटती. म्हणून तिकडचं उरतंय. तुमी सांगितलेला शेक आन फणीनं वरनं खाली उतरवायचं केलं, आता गाठ कमी हाय.

थंडी लई पडलीया. ह्यांच्या घोंगडीला भोक पडलं व्हतं ते बुजवलं. शेळीची पिल्लं आता घरभर उड्या मारत्यात, एकानं तुमचा पानाचा डबा पाडला, पण फुटला न्हाय.

आडावर एक गोष्ट झाली. कस्तुराला कडंवर घेऊन पाण्याला गेले व्हते. पलीकडल्या आळीच्या बायका व्हत्या. त्यातली एक मनली, तारामती, तुझी पोरगी खांद्याला कान लावून कुणाचं ऐकती गं? समद्या हसल्या. म्याबी हसले. हसत हसत घागर भरली आन घरी आले. तुमी असता तर तिला काहीतरी सुनावलं असतं. मला उलट वाटलं, ती खोटं कुठं बोलली.

आत्याबाई, मानंचं कवा कवा राहून जातंय. रोज न्हाय. कवा कवा. तेल लावती, न्हाऊ घालती, आन मग हात खांद्यावर ठेवला की तिला कळतंय. ती आदीच ओठ काढती. अजून म्या काय केलेलं नसतंय, आन ती माझ्याकडं बघती. मग वाटतं आज जाऊ दे, उद्या करू.

तुमी असताना ती तुमच्या हाताखाली अशी रडत न्हवती. तुमचा हात जड हाय, तरी रडत न्हवती. माझा हात हलका हाय आन रडती. ते कसं, ते मला कळंना.

एक मातर म्या बघितलं. हात जरा चटकन फिरला की ती शीर एकदम कडक व्हती, बोटाखाली काठी आल्यावानी. मग कितीबी धरा, देत न्हाय. आन हळू धरून ठिवलं तर पयल्यांदा तशीच ऱ्हाती, मग मधीच सुस्कारा टाकल्यावानी सैल पडती. सोडलं की पुन्हा माघारी जाती. पण पुरी जात न्हाय, थोडी तिथंच ऱ्हाती. त्या थोड्यासाठीच तुमी रोज बसायचात, हे आता कळलं. कणकीचं तसं न्हाय, कणिक वढली की तिथंच ऱ्हाती. हे जित्या जिवाचं हाय, ते आपली जागा इसरत न्हाय. मधी चारदोन रोज गेले की पुन्हा हुती तिथं.

तुमी संक्रांतीला येती मनलात. सिताबाईच्या जावंला चार रोज तिथं बसवून येणार मनलात. या. वाट बघती. मला वाणाची सुगडी आणायचीत, ते करून ठिवती.

डाक्टरनं कापायचं मनलं व्हतं त्याचं तुमी ह्यांच्याजवळ कवा बोलला व्हता का? हे परवा एकदम मनले, सोलापूरला न्हेताना तुझ्या माहेरावरनं जाता येईल. म्या मनले, न्ह्यावं कशाला लागंल.

सून,
तारामती


परंडा
पौष वद्य एकादशी

तीर्थरूप आत्याबाईस्नी नमस्कार.

दाजी, तुमच्या पाया पडती. ह्यो कागद सिताबाईच्या पुढ्यात वाचू नका. आत्याबाईस्नी वसरीत न्ह्या आन तिथं वाचा. आन मधी थांबू नका.

आत्याबाई, पयला कागद लिवला त्यातलं मानंचं समदं खोटं हाय. तुमची गाडी येशीबाहेर गेली त्या रोजापासनं म्या तिची मान धड ताणलीच न्हाय. धरायची आन रडली की सोडायची. झोळी तुमी फिरवून गेला व्हता, ती पुन्हा फिरवली, कारण तिला उजवीकडं बघायला सोपं जातंय आन ती गप पडून ऱ्हाती. पाजायचंबी डाव्या अंगावरच. उजव्याला घेतलं की मान वळवावी लागती, ती चिडती, तोंड सोडती. म्हणून उजव्याला गाठ झाली. तुमी तिथं बसून वळखलंत, आन म्या, ती झोपाळू हाय, मनून लिवलं. ती झोपाळू न्हाय. तुमाला ठावंच हाय.

मान जास्तच कलली. तुमी गेला तवा कान आन खांद्याच्या मधी माझा आख्खा तळवा जायचा. आता बोटं जातात.

तुमी संक्रांतीला येणार मनल्यावर काय काय मनात आलं ते सांगायला लाज वाटती. परंड्यात पटकी आली हाय, तुमी येऊ नका, असं लिवायचं व्हतं. कागदबी घेतला व्हता. मग वाटलं, येडाई ऐकंल आन खरीच पटकी आणंल.

मग ठरवलं की तुमी यायच्या आदी समदं भरून काढायचं. सकाळी करायचं, दुपारी करायचं, हे यायच्या आदी करायचं. जेवढं राहिलं तेवढं. तिला रडू द्यायचं, कान झाकायचे मन घट्ट करून. त्या रोजी तेल गरम करायलाबी थांबले न्हाय. थंडीचं गारठलेलं अंग, तसंच खांद्यावर गुडघा ठेवून धरलं आन डोकं वळवलं. शीर आडवी आली. म्या थांबले न्हाय. काठीवानी झाली तरी वढलं. मला वाटलं, एकदा का ही पुरी लांबली की सुटंल, मग रोज रोज तिला रडवायला नगं. खरंच तसं वाटलं. एकदाच लई दुखंल आन मग कवाच न्हाय दुखणार.

तिनं जो आवाज काढला तो रडायचा न्हवता. मग आवाजच बंद झाला, तोंड उघडं आन श्वास न्हाय.

सकिनाबी पिठाच्या हातानंच भिताडावरनं वाकून बघत व्हती. ती धावत आली. तिनं पोरगी माझ्याकडनं घेतली, उलटी केली, पाठीवर थापटलं, तवा तिचा श्वास आला. सकिनाबी माझ्यावर वरडली न्हाय. एवढंच मनली,

"तारा, आटा तुटला तर म्या पुन्हा भिजवती. ही कुठं भिजवशील?"

सांजपतूर मान सुजली, अंग तापलं. हे आले ते तसंच पोरीला उचलून दवाखान्यात. म्या मागनं पळत. डाक्टरनं बोटं लावून बघितलं. हाड धड हाय मनला, शीर तुटली न्हाय, पण आत मांसाला मार बसलाय. मनला, जित्या मांसाला झटका दिला की ते जीव राखायला आखडून घेतं, जेवढं वढाल तेवढं वढून धरतं. आता काही रोज हात लावू नका, नुसता ऊन कपडा ठेवा. मग पुन्हा पयल्यापासनं, हळूहळू. मग इचारलं, कशानं झालं.

हे माझ्याकडं बघायले. आन म्या मनले, झोळीतनं पडली.

हे घरी आले आन झोळीची दोरी सोडून फेकली. नवी दोरी आणली, तीनपदरी वळली, स्वतः लोंबकळून बघितलं तुटती का. आमी तिघं एका खोलीत असतो आन ते रोज आल्यावर ती दोरी चाचपून बघत्यात. म्या चुलीपशी बसून ते बघती. आत्याबाई, माझ्याच्यानं ते बघवत न्हाय.

आता जे लिवायचं हाय ते अजून लिवलंच न्हाय. दाजी, वाचा. थांबू नका.

कस्तुरा व्हायच्या वक्ताला तुमी व्हतात, सुईण व्हती. डोकं बाहीर आलं आन पुढं सरंना. तवा म्या काय वरडले ते तुमी ऐकलं हाय. वढा मनले. वढून काढा तिला, जगू दे न्हायतर मरू दे, पण मला सोडवा. असं म्या मनले. मग कुणीतरी वढलं. बाराव्या रोजी तेल लावताना तुमालाच पयल्यांदा ती गाठ लागली. तुमी कवा एका शब्दानं मला मनला न्हाईत की तुझ्या वरडण्यानं हे झालं. पण म्या तिच्या खांद्यावर हात ठेवती आन डोकं धरती, तवा मला तेच ऐकू येतंय. वढा, वढा. म्हणून माझा हात चालत न्हाय. तिच्या रडण्याचं निमित्त हाय. रडणं तर समद्याच लेकरांचं असतंय.

तिला एकदा म्या मर मनलंय. आता बरी हो मनून तिला हात लावायला मला तोंड कुठाय.

तुमी या, असं मनायचं व्हतं. पण सिताबाईला सोडून येऊ नका. तिला तुमी पायजेत. तुमी न्हाय आलात तरी चालंल. आलात तरी चालंल. जे बोलाल ते ऐकीन.

तारामती


परंडा
माघ शुद्ध दशमी

तीर्थरूप आत्याबाईस्नी तारामतीचा नमस्कार. सिताबाईला मुलगा झाला, दोघं सुखरूप हायत, हे धोंडीबानं गाडीवरनंच वरडून सांगितलं, समद्या आळीला आमच्या आदी कळलं. दाजी, आता पेढे वाटायला तुमी नाक्यावर या, हे तिथल्या समद्यांस्नी सांगून बसल्यात. बाळाच्या अंगाला हात लावून माझ्या वतीनं त्याची दृष्ट काढा.

तुमच्या कागदाचं आता लिवती.

दाजींनी तुमचे शब्द जसेच्या तसे लिवल्यात, असं शेवटी सांगितलंय. वसरीत न्हेऊनच वाचला हेबी लिवलंय. ते मनत्यात की वाचून झाल्यावर तुमी एवढंच लिवायला लावलंत:

"तारामतीला सांगा, वढणारी सुईण न्हवती. ती हातपाय गाळून बसली व्हती. पोरीचा खांदा आडकला व्हता आन ती निळी पडायली व्हती. म्या वढलं. वढताना मानंत कायतरी तटकन झालं ते माझ्या हाताला कळलं. तारामती वरडली म्हणून कुणी वढलं न्हाय. तिचं वरडणं मला ऐकूबी आलं न्हवतं."

आत्याबाई, हे वाचून मला आदी राग आला. खरं लिवती, कारण खोटं लिवून झालंय. इतके महिने म्या माझ्या तोंडाला शिव्या देत बसले आन तुमी जवळ बसून तेल लावत व्हता, गप. मला वाटायचं, सासूला नातीची हौस हाय म्हणून स्वतःच बसती, माझ्याकडं देत न्हाय. कागद फेकून दिला. मग पुन्हा उचलला.

तुमच्या हाताला ते तटकन झाल्यालं कळलं व्हतं, आन त्याच हातानं तुमी रोज सकाळी तिची मान धरायचात. तुमचा हात थरथरत कसा न्हवता? का थरथरत व्हता आन मला दिसला न्हाय? हे तुमी आल्यावर इचारीन. न्हाय सांगितलं तरी चालंल.

ह्यास्नी दोरीचं खरं सांगितलं. झोळीतनं पडली न्हाय, म्या केलं. ते उठून बाहीर गेले. आले तवा जेवले, पण अजून माझ्याशी धड बोलत न्हाईत. कस्तुराशी बोलत्यात, आन मला जे सांगायचं ते तिला सांगत्यात. "कस्तुरे, तुझ्या आईला सांग, उद्या मला लवकर जायचंय." म्या तिलाच मनती, "कस्तुरे, सांग, भाकरी बांधून ठिवती." तिच्यामुळं घर चाललंय.

सूज उतरली. डाक्टरनं पुन्हा सुरू करा मनलं. म्या सुरू केलंय. तेल कोमट, अंग ऊन, घाई न्हाय. शीर आडवी आली की थांबती. आडवी येऊन जवा ती काठीवानी व्हती तवा माझी छातीबी तशीच व्हती, म्हणून आदी म्याच श्वास सोडती. मग तिची सैल पडती. रडती. म्या सोडत न्हाय आन वढतबी न्हाय. कवा जमतंय, कवा न्हाय. उजव्या अंगावर आता थोडं पिती. कानाखाली अजून बोटंच जातात, तळवा जायला लई दिवस हायत. तुमी आल्यावर बघाल तवा असं वाटू देऊ नका की म्या काहीच केलं न्हाय, एवढंच आदी सांगून ठिवती.

पण एक झालंय. त्या रोजापासनं ती मला भिती. म्या जवळ गेले की ती माझ्याकडं बघत न्हाय. सकिनाबीकडं बघून हसती, ह्यांच्याकडं बघून हात पसरती, शेळीच्या पिल्लाकडंबी बघती. म्या वाकले की तोंड फिरवती. पयल्यांदा फिरवलं तवा म्या मागं परसात जाऊन रडून आले.

दुसऱ्या वक्ताला म्या तिच्या उजव्या अंगाला बसले व्हते. तिनं तोंड फिरवलं ते डावीकडं. डावीकडं, आत्याबाई. जिकडं तिला बघताच येत न्हवतं तिकडं. कुणी हात लावला न्हाय, कुणी वढलं न्हाय. आपुनहून तिनं मान तिकडं न्हेली, जिथं शीर आडवी येती तिथपतूर, आन तिथंच धरून ऱ्हायली, म्या उठूस्तवर. जेवढं म्या धरून ठेवू शकती त्यापेक्षा जास्त येळ.

तवापासनं म्या हातातलं काम घेऊन तिच्या उजव्या अंगाला बसती. तांदूळ निवडायचे, ह्यांच्या सदऱ्याचं बटण लावायचं, समदं तिथंच. तिला हाक मारती, बोलती. ती तोंड फिरवून पडून ऱ्हाती. डावीकडं जरा जागा सोडून भिंत हाय, तर तिथं सकिनाबीनं लाल कापडाची चिंधी लावली, ती बघत ऱ्हाती. कवा कवा चिंधीकडं बघून हसती. मला तिचा गाल दिसतो. हसली की गाल हालतो, त्यावरनं मला कळतंय.

कवातरी ती पुन्हा माझ्याकडं बघंल. बघायला लागली की ही जागा सोडून पलीकडं डाव्या अंगाला बसावं लागंल. घाई न्हाय. आदी मान होऊ दे.

फाल्गुनात तुमी याल तवा एक लक्षात ठिवा. वसरीत ती पडून असंल तर तिच्या उजव्या अंगाला बसू नका. ती जागा माझी हाय. तुमी डाव्या अंगाला बसा, तिला तुमचं तोंड दिसू द्या.

तिची आई,
तारामती